आपला पाडा ठरावात आहे का?

चुलीवरचा भात उतरवून, गाईगुरांचं आवरून तुम्ही रेडिओजवळ बसला असाल. आम्ही भिवंडी तालुक्यात बचत गटांसोबत काम करणाऱ्या समन्वयक. आज आपण एका साध्या प्रश्नावर बोलणार आहोत: तुमचं गाव कोणतं?

हसू नका. गटाचं नवीन रजिस्टर भरताना आम्ही हा प्रश्न प्रत्येक बैठकीत विचारतो. कागदावर दोन रकाने असतात, एक गावाचा आणि एक ग्रामपंचायतीचा. एक ताई पाड्याचं नाव सांगते. शेजारची म्हणते, "अगं, ते नाही, सातबाऱ्यावर वेगळं नाव आहे." तिसरी म्हणते, "दाखला आणायला तर आपण तिसऱ्याच गावाला जातो." एकाच ओटीवर बसलेल्या बायकांची ही तीन उत्तरं, आणि तिन्ही बरोबर!

आपल्या तालुक्यात अनेक ठिकाणी दोन, तीन, चार गावं आणि त्यांचे पाडे मिळून एकच ग्रामपंचायत असते. तिला कागदावर गट ग्रामपंचायत आणि बोलताना ग्रुप ग्रामपंचायत म्हणतात. आपल्या बचत गटाचा आणि या 'गट' शब्दाचा काही संबंध नाही. इथे गट म्हणजे गावांचा गट. या गटात सगळ्यात लहान असलेल्या पाड्याच्या वाट्याला काय येतं आणि ते मिळवायचं कसं, हे आज समजून घेऊ.

आधी नावांचा गोंधळ सोडवू.

पहिलं, महसुली गाव. ज्याची शिव ठरलेली आहे, ज्याचा नकाशा आणि सातबारा वेगळा आहे, ते महसुली गाव. त्याचं दप्तर तलाठ्याकडे असतं. आता त्या पदाला ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, पण आपल्या तोंडी तलाठी भाऊसाहेबच आहे.

दुसरं, पाडा किंवा वाडी. आपण खरं राहतो ते इथे. कातकरीवाडी असेल, ठाकूरपाडा असेल, वारल्यांची चार-चाळीस घरं असतील. पाड्याला स्वतःची विहीर असते, स्वतःचा देव असतो, पण बहुतेक वेळा स्वतःचा सातबारा नसतो. तो कुठल्यातरी महसुली गावाच्या शिवेत मोजला जातो. जनगणनेचे छापील आकडेही महसुली गावाचे असतात. म्हणून सरकारी तक्त्यात गावाची लोकसंख्या दिसते, पाड्याची दिसत नाही.

तिसरी, ग्रामपंचायत. महाराष्ट्रात ग्रामपंचायतीचा कायदा १९५८ सालचा आहे. त्या कायद्याने शासन एक किंवा अनेक महसुली गावं एकत्र करून त्यांची एक ग्रामपंचायत करू शकतं. लहान लहान गावांची कर भरण्याची ताकद कमी. प्रत्येकाला वेगळं कार्यालय आणि वेगळा ग्रामसेवक देणं परवडत नाही. म्हणून गावं एकत्र बांधली. कार्यालय बहुतेक वेळा मोठ्या गावात असतं आणि ग्रामपंचायतीला नावही त्याच गावाचं मिळतं.

आणि हो, उमेदच्या कामातला आपला 'प्रभागसंघ' आणि ग्रामपंचायतीचा 'प्रभाग' यांत घोटाळा करू नका. प्रभागसंघ म्हणजे अनेक ग्रामसंघांचा मिळून झालेला संघ. ग्रामपंचायतीचा प्रभाग म्हणजे मतदानासाठी पाडलेला वॉर्ड.

आता या वॉर्डाचं गणित बघू. ग्रामपंचायतीत सदस्य किती हे लोकसंख्येवर ठरतं. दीड हजारापर्यंत ७, तीन हजारांपर्यंत ९, साडेचार हजारांपर्यंत ११, असं करत जास्तीत जास्त १७.

समजा एका ग्रामपंचायतीत चार वस्त्या आहेत. मोठ्या गावात १९०० माणसं, दुसऱ्यात ११००, तिसऱ्यात ५०० आणि डोंगराच्या पायथ्याच्या पाड्यात ३००. एकूण झाली ३८००. म्हणजे सदस्य ११. साधारण ३४५ माणसांमागे एक सदस्य. आपला पाडा ३०० चा. म्हणजे एका सदस्याइतकीही माणसं नाहीत. मग पाडा शेजारच्या गावाच्या वॉर्डाला जोडला जातो. त्या वॉर्डातून दोन किंवा तीन सदस्य निवडून येतात आणि ते बहुधा जास्त मतं असलेल्या गावातले असतात. सरपंचही थेट लोकांमधून निवडला जातो, तेव्हा १९०० माणसांच्या गावाचं पारडं जड असतं.

यात कुणी कुणाचं वाईट चिंतलेलं नाही. पण पाड्यातलं कुणीच मासिक सभेला बसत नसेल, तर हातपंप बंद पडून महिना झाला हे तिथे सांगणार कोण?

आता पैशाचं बघू. ग्रामपंचायतीकडे पैसा मुख्यतः दोन वाटांनी येतो.

एक वाट स्वतःच्या उत्पन्नाची. घरपट्टी, पाणीपट्टी, दिवाबत्ती, बाजार फी. आपल्या तालुक्यात यात फार फरक आहे. मानकोली, दापोडे, पूर्णा, राहनाळ, वळ, काल्हेर या पट्ट्यात गोदामं उभी आहेत. तिथे इमारतींवरची करआकारणी मोठी. वाड्याच्या रस्त्याला, डोंगराकडे जावं तर घरं कौलाची, गोदाम नाही आणि घरपट्टी थोडी.

पण एक गोष्ट लक्षात ठेवा. गोदाम एका गावाच्या हद्दीत असलं तरी त्याचा कर जमा होतो तो अख्ख्या ग्रामपंचायतीच्या खात्यात. "त्यांच्या गावात गोदामं आहेत, त्यांचा पैसा" असं आपल्या बायका म्हणतात, ते बरोबर नाही. त्याच ग्रामपंचायतीत आपला पाडा असेल तर त्या पैशात आपलाही हिस्सा आहे. शिवाय ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातले १० टक्के महिला आणि बालकल्याणासाठी, १५ टक्के मागासवर्गीयांसाठी आणि ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात. हे १० टक्के गेल्या वर्षी किती रुपये झाले आणि ते कशावर गेले, हा प्रश्न कोणतीही मतदार बाई ग्रामसभेत विचारू शकते.

दुसरी वाट वित्त आयोगाची. केंद्राच्या वित्त आयोगाचा पैसा ग्रामपंचायतीच्या खात्यात येतो. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या वर्षांसाठी त्यातले ६० टक्के पाणी आणि स्वच्छतेच्या कामाला बांधून दिले आणि ४० टक्के गावाच्या गरजेप्रमाणे वापरायला मोकळे ठेवले. हा पैसा आराखड्याप्रमाणेच खर्च होतो. 'आमचं गाव, आमचा विकास' असं त्या आराखड्याचं नाव तुम्ही ऐकलं असेल. आराखड्यात जे काम लिहिलेलं नाही, त्याला पैसा नाही. म्हणून पाड्याचं नाव आराखड्यात असणं किंवा नसणं यावर सगळं अडतं.

हे आम्हाला पुस्तकातून कळलं नाही, चुकून चुकून कळलं. तेच सांगतो.

आमचा एक गट डोंगराच्या अंगाला असलेल्या एका पाड्यात आहे. घरं बेचाळीस. मार्च संपला की विहीर तळाला जाते आणि बायका ओढ्यात झिरा खणून वाटीवाटीने पाणी भरतात. एका वर्षी ग्रामसभेत पाण्याचा विषय आहे असं कळलं. आम्ही पंधरा-सोळा जणी अडीच-तीन किलोमीटर चालत गेलो. सगळ्यात मागे बसलो. ठराव वाचला गेला, "गावात पाण्याची टंचाई असल्याने बोअरवेल घेण्यात यावी." आम्ही हात वर केले आणि आनंदाने घरी आलो.

बोअरवेल झाली, पण मोठ्या गावात, कार्यालयाच्या मागे. विचारायला गेलो तर उत्तर मिळालं, "ठरावात गाव लिहिलंय आणि बोअर गावातच घेतलीय. तुमचा पाडा गावातच येतो ना?" कागद बघितला. खरंच, पाड्याचं नाव कुठेच नव्हतं. आम्ही ज्या ठरावाला हात वर केला, त्या ठरावात आम्ही नव्हतोच.

पुढच्या वर्षी तयारी करून गेलो. तर माणसं पुरेशी नाहीत म्हणून सभा तहकूब झाली. आम्ही परत आलो. चार दिवसांनी कळलं की तहकूब सभा झालीसुद्धा आणि आराखडा मंजूरही झाला. तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही हे तेव्हा आम्हाला ठाऊक नव्हतं. एरवी ग्रामसभेला एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० जण, यातली जी संख्या कमी असेल तेवढी माणसं लागतात. तहकूब झालेल्या सभेला ही अट नाही. जे दहा-वीस जण हजर असतील, ते ठराव करू शकतात. त्या दिवशी पाड्यातल्या एक आजी आम्हाला म्हणाल्या, "बाय, तुम्ही शिकल्या-सवरलेल्या, तरी आपण दोनदा फसलो. आता कागद शिका." आजींचं ऐकलं आणि कागद शिकलो.

तिसऱ्या वर्षी आधी पाड्यातच बसलो. घरं किती, माणसं किती, हातपंप किती, कोणत्या महिन्यात विहीर आटते, पाण्याला जायला किती वेळ लागतो, सगळं एका कागदावर लिहिलं. ग्रामसभेच्या आधी महिला सभा होते, तिथे तो कागद दिला. सरपंचताईंनी तो वाचून घेतला. ग्रामसभेत ठराव लिहिताना आम्ही उभं राहून सांगितलं, "भाऊसाहेब, 'गावात' लिहू नका. पाड्याचं नाव लिहा आणि घरं बेचाळीस लिहा." थोडी कुजबुज झाली. पण लिहिलं. सभा संपल्यावर ठरावाच्या नकलेसाठी लेखी अर्ज दिला.

त्या आराखड्यातून पाड्यात बोअर झाली, हातपंप बसला. उन्हाळ्यात धार बारीक होते, पण ओढ्यात खड्डा खणावा लागत नाही. पाड्याच्या वाटेवरचे दिवे मात्र अजून झालेले नाहीत. दोन वर्षं ठरावात आहेत, काम नाही. पाठपुरावा चालू आहे.

मैत्रिणींनो, ही अडचण फक्त आपली आहे असं समजू नका. युरोपात रोमानिया नावाचा देश आहे. तिथेही खेड्यापाड्यांचा कारभार असाच बांधलेला आहे. अनेक गावं मिळून एक 'कोमुना' होते. त्यातल्या एका गावात कार्यालय असतं आणि तेच मुख्य गाव मानतात. लोक मतदान करून प्रमुख निवडतात, म्हणजे आपला सरपंच म्हणा. सोबत निवडलेलं सदस्यमंडळ असतं. म्हणजे नाव वेगळं, पण घडी आपल्या ग्रुप ग्रामपंचायतीचीच.

त्यांच्या कायद्यात मात्र एक गोष्ट आम्हाला फार आवडली. ज्या गावातून एकही सदस्य निवडून आला नाही, त्या गावातल्या घराघरातून एकेक माणूस जमतं आणि आपला एक गाव-प्रतिनिधी निवडतं. हा प्रतिनिधी सदस्यमंडळाच्या सभेला बसतो. त्याच्या गावाचा विषय निघाला की त्याचं म्हणणं विचारात घेतलं जातं. त्याचं मत सल्ल्यापुरतं असतं, त्याने ठराव पास किंवा नापास होत नाही. तरी सभेत आपल्या गावाचं नाव घेणारं एक माणूस तर असतं!

आपल्या कायद्यात असा पाड्याचा प्रतिनिधी नाही. पण आपल्याकडे दुसरी मोठी गोष्ट आहे, ती म्हणजे ग्रामसभा. ग्रामसभेत प्रत्येक मतदार सदस्य असतो. तिथे निवडून येण्याची गरज नाही, फक्त हजर राहण्याची आहे. २०११ पासून महाराष्ट्रात ग्रामपंचायतीत निम्म्या जागा बायकांसाठी राखीव आहेत. पण सदस्य नसलेल्या बाईचीही जागा ग्रामसभेत पक्की आहे. बचत गट असलेल्या पाड्याला प्रतिनिधी मिळवणं अवघड नाही. गटातल्या दोघी जणींनी हे काम वर्षभरासाठी वाटून घ्यायचं.

काय काय करायचं, ते क्रमाने सांगतो. लिहून घ्या.

पहिलं, तारखा लक्षात ठेवा. वर्षातून निदान चार ग्रामसभा व्हायलाच हव्यात. आपल्याकडे त्या २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरच्या सुमाराला होतात. कारण नसताना ग्रामसभा न घेणारा सरपंच पदावरून अपात्र ठरू शकतो. पुढच्या वर्षाच्या आराखड्याचं काम २ ऑक्टोबरपासून सुरू होतं, म्हणून ती सभा चुकवू नका.

दुसरं, नोटीस. ग्रामसभेची नोटीस सात दिवस आधी निघते. ती फक्त मोठ्या गावातल्या फळ्यावर लागत असेल, तर पाड्यातही दवंडी द्या किंवा अंगणवाडीच्या भिंतीवर लावा, असा लेखी अर्ज गटाच्या शिक्क्यासह द्या. दरवेळी सभा मोठ्याच गावात होत असेल, तर आळीपाळीने दुसऱ्या गावांतही घ्या, अशी मागणी करा.

तिसरं, महिला सभा. प्रत्येक नियमित ग्रामसभेच्या आधी महिला सभा झाली पाहिजे, असं कायदा सांगतो. ती फक्त सह्यांपुरती होऊ देऊ नका. पाड्याचा कागद तिथेच द्या आणि इतिवृत्तात नोंद झालेली बघा. उमेदमध्ये ग्रामसंघाने गरिबी कमी करण्याचा आराखडा करायचा असतो. तोही याच वेळी जोडा.

चौथं, ठरावाची भाषा. "गावात", "योग्य ठिकाणी", "आवश्यक तेथे" हे शब्द आले की सावध व्हा. पाड्याचं नाव, घरांची संख्या आणि जागा, म्हणजे शाळेजवळ की समाजमंदिराजवळ, हे तिन्ही लिहून घ्या. लिहिलेलं मोठ्याने वाचायला सांगा.

पाचवं, सभा तहकूब झाली तर पुढची तारीख आणि वेळ विचारूनच उठा. त्या दिवशी निदान दहा जणींनी जायचं, हे तिथेच ठरवा. कोण कोणाची पोरं सांभाळेल तेही ठरवा.

सहावं, नंतरची तपासणी. ई-ग्रामस्वराज या सरकारी संकेतस्थळावर प्रत्येक ग्रामपंचायतीचा आराखडा आणि खर्च दिसतो. कॉलेजला जाणाऱ्या पोरीला सांगा, ती मोबाइलवर पाच मिनिटांत उघडून देईल. आपल्या पाड्याचं नाव तिथे आहे का बघा.

आता आदिवासी पाड्यांतल्या मैत्रिणींसाठी एक खास गोष्ट. पेसा नावाचा कायदा १९९६ साली झाला. तो अनुसूचित क्षेत्रासाठी आहे. आपल्या शेजारचा शहापूर तालुका पूर्ण त्यात आहे. भिवंडी तालुका पूर्ण नाही, काही गावंच आहेत, आणि त्या गावांची नावं १९८५ च्या आदेशात एकेक करून दिलेली आहेत. म्हणून एका गावाला पेसा लागू आणि लगतच्या गावाला नाही, असं होतं. आपलं महसुली गाव यादीत आहे का, हे पंचायत समितीत विचारून घ्या. इथे सातबाऱ्यावरचं नाव सांगा, पाड्याचं नाही.

यादीत असेल, तर महाराष्ट्राचे २०१४ चे पेसा नियम आपल्या कामाचे आहेत. त्या नियमांप्रमाणे पाड्यातल्या निम्म्याहून अधिक मतदारांनी ठराव केला, तर आपला पाडा वेगळं गाव म्हणून जाहीर व्हावा अशी मागणी करता येते. तो ठराव उपविभागीय अधिकाऱ्यांकडे जातो, तपासणी होते आणि निर्णय होतो. गाव जाहीर झालं की पाड्याची स्वतःची ग्रामसभा भरते. ग्रामपंचायत तीच राहते, सरपंच तोच राहतो, पण पाड्याच्या गोष्टी पाड्यात ठरतात. २०१५ पासून आदिवासी उपयोजनेच्या निधीतले ५ टक्के पेसा ग्रामपंचायतींना थेट मिळतात. त्यात आपल्या वस्तीचा वाटा किती, हेही विचारा.

पेसा लागू नसेल, तर वेगळी ग्रामपंचायत मागता येते का? मागता येते. लोकसंख्या, अंतर आणि उत्पन्न बघून शासन ठरवतं. पण घाई करू नका. लहान ग्रामपंचायत झाली की उत्पन्नही लहान होतं. मोठ्या गावातल्या गोदामाचा कर मग तिकडेच राहतो. काही पाड्यांना वेगळं होणं फायद्याचं असेल, काहींना एकत्र राहून हिस्सा मागणं फायद्याचं असेल. हिशेब मांडून, सगळ्यांनी बसून ठरवा.

आणि मोठ्या गावातल्या मैत्रिणींनो, तुम्हीही ऐकताय ना? तुमच्या गटातल्या बायका ग्रामसभेला चार पावलांवरून येतात. पाड्यातली बाई मजुरी बुडवून, तान्हं कडेवर घेऊन येते. ती बोलायला उठली तर तिला पुढे जागा करून द्या. "आधी पाड्याचा विषय घ्या, त्यांना लांब जायचंय," एवढं एक वाक्य तुम्ही म्हणालात, तरी पुष्कळ होतं. ग्रामपंचायत एक आहे, तर आपणही एक होऊ.

या महिन्याच्या बैठकीसाठी एक काम देतो. बचतीचा हिशेब झाला की वहीचं मागचं पान उघडा आणि पाच ओळी भरा. आपल्या पाड्याचं नाव. महसुली गावाचं नाव. ग्रामपंचायतीचं नाव. वॉर्ड क्रमांक आणि त्यातले सदस्य. आणि गेल्या आराखड्यात आपल्या पाड्याच्या नावाने लिहिलेलं काम. पाचवी ओळ कोरी राहिली, तरी ती तशीच ठेवा आणि पुढच्या महिला सभेला तीच वही घेऊन जा.

भेटू पुढच्या भागात. नमस्कार.